जिप्सीचे बुश बदलताना : रबर की पॉलियुरेथेन?

ताडोबा, पेंच, कान्हा, रणथंभोर यांसारख्या व्याघ्रप्रकल्पांत पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या उघड्या वाहनांमध्ये मारुती जिप्सीने दीर्घकाळ आपले स्थान टिकवले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय बाजारपेठेत आलेली ही गाडी २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. तथापि रस्त्यावर, किंबहुना रस्ता संपल्यानंतरच्या वाटांवर, ती आजही धावताना दिसते. कोणाच्या उदरनिर्वाहाचे ते साधन आहे, तर कोणी हौसेने जतन केलेली ठेव. उत्पादन थांबलेल्या वाहनाच्या मालकापुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : झिजलेल्या भागाच्या जागी कोणता भाग बसवावा? इंजिनाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वजण गांभीर्याने घेतात. चेसिस आणि कमानपाटे यांच्यामध्ये दडलेल्या मूठभर रबरी बुशांच्या बाबतीत मात्र ‘जे मिळेल ते बसवा’ असे सांगून काम उरकले जाते. या अनास्थेची किंमत टायर, स्टिअरिंग आणि प्रसंगी प्रवाशांची सुरक्षितता यांच्या रूपाने चुकवावी लागते.

बुश म्हणजे नेमके काय

जिप्सीच्या चारही चाकांना कमानपाट्यांचा, म्हणजेच लीफ स्प्रिंगचा आधार आहे. प्रत्येक पाट्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. या वळशाला ‘डोळा’ असे म्हणतात. एका टोकाचा डोळा चेसिसच्या कंसात पिनने थेट अडकवलेला असतो, तर दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने चेसिसला जोडलेले असते. भार पडला की कमान सपाट होते आणि तिची लांबी किंचित वाढते. त्या वाढीला वाव मिळावा यासाठी शॅकलची योजना असते. ज्या ज्या ठिकाणी पिन डोळ्यातून किंवा चेसिसच्या नळीतून जाते, त्या त्या ठिकाणी पोलादाला पोलाद थेट घासू नये म्हणून मध्ये जो लवचीक गोल तुकडा बसवतात, तो बुश होय.

एका पाट्याला असे तीन सांधे असतात : स्थिर टोकाचा डोळा, शॅकलकडील डोळा आणि शॅकलचे चेसिसकडील टोक. चार पाट्यांचे मिळून बारा सांधे झाले. जिप्सीत प्रत्येक सांध्यात दोन्ही बाजूंनी एकेक असे दोन अर्धे बुश सारले जातात, म्हणजे एकूण चोवीस तुकडे. शॉक अॅब्सॉर्बरच्या डोळ्यांतील बुश याखेरीज वेगळे.

ही संख्या लक्षात घेण्याचे कारण असे, की जिप्सीच्या रचनेत कमानपाटा केवळ वजन पेलत नाही. अॅक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही त्यालाच करावे लागते. ब्रेक लावल्यावर चाके मागे ओढली जातात, वेग घेताना पुढे रेटली जातात, वळणावर बाजूला ढकलली जातात. हे सर्व जोर पाट्याच्या डोळ्यांतून, म्हणजे शेवटी बुशातूनच, चेसिसपर्यंत पोहोचतात. स्थिर टोकाचा बुश एका बाजूला काही मिलिमीटर जरी खाल्ला गेला, तरी अॅक्सल तिरका बसतो आणि चालकाने स्टिअरिंग सरळ धरले असतानाही गाडी एका अंगाला सरकत राहते. बुश हा किरकोळ भाग आहे असे मानणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट ध्यानात घेतली तरी पुरे.

त्यात सफारीच्या गाडीवर पडणारा भार वेगळा. सहा पर्यटक, एक मार्गदर्शक आणि चालक अशी आठ माणसे सरासरी पासष्ट किलोंची धरली, तर ५२० किलो होतात. गाडीचे स्वतःचे वजन टनाच्या आसपास असताना त्याच्या निम्म्याहून अधिक भार पाठीवर घेऊन ती दिवसातून दोन वेळा खाचखळग्यांच्या कच्च्या वाटेवर चालते. हा भार पेलण्यासाठी अनेकजण मागच्या बाजूला जादा पाटे चढवून घेतात. पाटे कडक झाले की त्यांचे लवणे कमी होते आणि जो धक्का पूर्वी पाटा गिळत असे, तो आता बुशावर येतो.

झीज ओळखावी कशी

बुश एका दिवसात निकामी होत नाही, आणि हीच त्यातील मेख आहे. चालकाला गाडीच्या बिघडलेल्या वागणुकीची हळूहळू सवय होत जाते. खड्ड्यातून जाताना खालून येणारा ‘खट्’ असा आवाज, ब्रेक लावताक्षणी गाडी एका बाजूला खेचली जाणे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सतत सांभाळत राहावे लागणे, टायर एका कडेने झिजणे ही सर्वसाधारण लक्षणे होत. परंतु यांपैकी एकही लक्षण केवळ बुशाचेच असते असे नाही. विशेषतः पुढची चाके ठरावीक वेगाला थरथरू लागली, तर जिप्सीसारख्या अखंड अॅक्सलच्या गाडीत किंगपिनचे बेअरिंग, स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे आणि चाकांचे संतुलन यांची तपासणी आधी व्हावयास हवी. अनेक गॅरेजांत ‘बुश गेलेत’ असे ठरवून सगळा संच बदलला जातो आणि थरथर जशीच्या तशी राहते.

खात्री करून घेण्याचा मार्ग साधा आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पाट्याचा डोळा आणि कंस यांच्यामध्ये टॉमी घालून हलके रेटावे. रबर किंचित दबून परत आले तर ठीक. सांधा सहज हलला, अथवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला, तर बुशाचे आयुष्य संपले आहे. पिनभोवती तांबूस भुकटी साचली असल्यास आत पोलाद पोलादाला घासत आहे, असे निश्चित समजावे. शॅकलच्या पट्ट्या पाट्याच्या कडेला घासून चकाकत असतील, तर बुशाची कडा खाल्ली गेली आहे. याउलट रबराच्या उघड्या भागावर दिसणाऱ्या केसासारख्या बारीक भेगा पाहून घाबरण्याचे कारण नाही. हवेतील ओझोनमुळे रबराच्या पृष्ठभागावर अशा भेगा पडतातच. चीर खोल गेली असेल किंवा रबराचा लचका बाहेर लोंबत असेल, तरच ती चिंतेची बाब ठरते.

दोन पदार्थांचे दोन स्वभाव

बाजारात गेल्यावर ग्राहकापुढे मुख्यतः दोन पर्याय ठेवले जातात : काळा रबरी बुश आणि लाल, पिवळा किंवा निळा पॉलियुरेथेनचा बुश, ज्याला दुकानदार नुसते ‘पॉली’ म्हणतात. पॉली महाग, टिकाऊ आणि म्हणून श्रेष्ठ, असा एक सरसकट समज रूढ झालेला आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

रबराच्या चिकात गंधक मिसळून तापविल्यास तो टिकाऊ आणि लवचीक होतो, हा शोध चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये लागला. आजही चांगल्या बुशासाठी नैसर्गिक रबराला तोड नाही, आणि यामागे भावनिक नव्हे तर रेणूंच्या पातळीवरचे कारण आहे. नैसर्गिक रबर ताणले गेले की त्याचे लांबलचक रेणू एका दिशेने रांगेत येतात आणि तेथे स्फटिकासारखी रचना तयार होते. एखादी चीर पडलीच, तर तिच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो. नेमक्या त्याच जागी रबर अधिक बळकट होते आणि चीर पुढे सरकण्यास अटकाव होतो. लाखो वेळा दबून आणि पिळवटूनही रबरी बुश टिकतो तो यामुळे. त्याचे शत्रू तीन : उष्णता, ओझोन आणि खनिज तेल. यांपैकी तिसऱ्या शत्रूला आपणच आमंत्रण देतो. पावसाळ्यापूर्वी गंज लागू नये म्हणून गाडीच्या तळाला डिझेल किंवा जळालेले ऑइल फवारून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्याने पत्रा काही काळ वाचत असेलही. परंतु नैसर्गिक रबर तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि त्याची ताकद ओसरते. नवे बुश बसविल्यानंतर वर्षभरातच ते ‘लोण्यासारखे’ झाले अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी या फवारणीचा विचार करावा.

पॉलियुरेथेनचा जन्म पुष्कळ नंतरचा. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम तयार केले. घर्षणाला आणि तेलाला ते रबराहून अधिक दाद देत नाही, आणि त्याचा कडकपणा बनवतानाच हवा तसा ठरवता येतो. हा कडकपणा ‘शोअर ए’ या ० ते १०० च्या मापनपट्टीवर मोजतात. टोकदार दट्ट्या ठरावीक जोराने पदार्थात किती रुततो, त्यावरून हा अंक मिळतो. मोटारीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण ६० ते ७० च्या आसपास भरतो. मूळ रबरी बुश बहुधा ५० ते ७० च्या दरम्यान असतात, तर पॉलियुरेथेनचे बुश ७० पासून ९५ पर्यंत जातात. येथे एक सावधगिरी बाळगावी. रंगावरून कडकपणा ओळखता येत नाही. एका उत्पादकाचा लाल बुश दुसऱ्याच्या पिवळ्या बुशाहून मऊ असू शकतो. वेष्टनावर अंक छापलेला नसेल आणि विक्रेत्यालाही तो सांगता येत नसेल, तर असा माल घेऊ नये.

पॉलियुरेथेनमध्येही दोन जाती आहेत. पॉलिएस्टरवर आधारलेले पॉलियुरेथेन उष्ण आणि दमट हवेत हळूहळू पाण्याच्या क्रियेने विघटित होते आणि अखेरीस भुगा होऊन गळते. पॉलिईथरवर आधारलेले या बाबतीत बरेच सोशिक असते. कोकणात, गोव्यात किंवा ईशान्येकडील राज्यांत गाडी वापरणाऱ्याने ही विचारणा आवर्जून करावी.

फिरण्याची रीत

तथापि रबर आणि पॉली यांच्यातील खरा भेद कडकपणाहून खोल आहे. तो आहे ते कसे फिरतात यात.

आधुनिक गाड्यांतील रबरी बुश बहुधा दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेला असतो. बाहेरची नळी डोळ्यात दाबून बसते, आतली नळी बोल्टने कंसात आवळली जाते. सांधा फिरतो तेव्हा काहीही घसरत नाही. रबर स्वतःच पिळले जाते आणि जोर सरताच पूर्वस्थितीला येते. घसरण नाही म्हणून घर्षण नाही, ग्रीसची गरज नाही आणि आवाजही नाही. शिवाय रबर केवळ एका आसाभोवती फिरते असे नाही. ते तिरकेही होते. जिप्सीच्या अर्ध्या तुकड्यांच्या बुशात रबर चिकटवलेले नसले, तरी शॅकलचा नट आवळल्यावर ते दाबाखाली पिनेला व डोळ्याला धरून ठेवते आणि बरीचशी हालचाल पिळवटूनच साधली जाते.

पॉलियुरेथेनचा बुश मात्र पिळला जाण्यासाठी बनवलेला नसतो. त्याच्या आतली नळी मोकळी असते आणि ती बुशाच्या आत घसरत फिरते. म्हणून तेथे ग्रीस लागते, आणि ते संपले की गाडी कुरकुर करू लागते. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावे तसा हा प्रकार आहे. त्यासाठी उत्पादकाने दिलेले किंवा शिफारस केलेले, सामान्यतः सिलिकॉनचे, ग्रीसच वापरावे लागते. एका आसाभोवती फिरण्यात पॉली सरस असला, तरी तिरके होण्यास तो नाखूश असतो.

दगडधोंड्यांच्या वाटेवर हा नाखुशीचा मुद्दा निर्णायक ठरतो. एक चाक खडकावर चढले आणि दुसरे खळग्यात उतरले, की अॅक्सल चेसिसच्या तुलनेत तिरका होतो. अशा वेळी प्रत्येक डोळ्याला थोडे कलावे लागते. बुश कलू देत नसेल, तर कलण्याचे ते काम पाट्याला, शॅकलला आणि कंसाला करावे लागते. चाक जमिनीवर टेकलेले राहण्याऐवजी हवेत उचलले जाते आणि काही वर्षांनी कंसाच्या जोडाला तडा दिसू लागतो. म्हणजेच ज्या गाडीला खऱ्या अर्थाने आडवाटेने जायचे आहे, तिला सर्वत्र कडक बुश बसविणे हे तिचे पाय बांधण्यासारखे आहे. महामार्गावर वेगाने जाणाऱ्या आणि वळणावर कमी कलणारी गाडी हवी असणाऱ्या मालकाचा हिशेब वेगळा. त्याला पॉलीने स्टिअरिंगला आलेला नेमकेपणा आवडेल.

जिप्सीपुरते बोलावयाचे, तर सफारीच्या आणि डोंगरवाटांच्या गाडीला चांगल्या प्रतीचा रबरी संच हीच पहिली पसंती असावी. पॉली घ्यावयाचाच असेल तर कमी कडकपणाचा, ७० ते ८० च्या दरम्यानचा, घ्यावा आणि ठरावीक मुदतीने पिना काढून ग्रीस भरण्याची तयारी ठेवावी. अशी तयारी नसणाऱ्याने पॉलीच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा एक पर्यायही आपल्याकडे सर्रास सुचवला जातो : लेथवर नायलॉनच्या दांड्यातून बुश कातून घेणे. तो स्वस्त पडतो, हवा त्या मापाचा मिळतो आणि झिजत नाही. झिजत नाही हेच त्याचे दूषण आहे. तो झिजत नाही, दबत नाही, कलत नाही. त्यामुळे प्रत्येक धक्का थेट कंसाला आणि चेसिसला बसतो. जड मालमोटारींच्या पाट्यांत गनमेटलचे बुश असतात हे खरे, परंतु तेथे ग्रीस निप्पल असते आणि चालक नियमितपणे ग्रीस भरतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या शॅकलमध्येही आटे पाडलेले पोलादी बुश असत आणि त्यांना सतत वंगण लागे. रबर आले ते ही कटकट दूर करण्यासाठी. नायलॉन वापरून गाडी पुन्हा मागे नेण्यात शहाणपणा नाही.

थार आणि जिम्नी यांचे काय

जून २०२३ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिम्नीला कमानपाटे नाहीत. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत. स्प्रिंग केवळ वजन पेलते, म्हणून अॅक्सल धरून ठेवण्यासाठी लांब दांडे बसवलेले असतात. पुढे-मागे धरणाऱ्या दांड्यांना रेडियस आर्म म्हणता येईल, तर आडव्या दांड्याला पॅनहार्ड रॉड. या दोहोंच्या बुशांना एकच नियम लावता येत नाही. आडव्या दांड्याचा सांधा थोडाच फिरतो आणि अॅक्सलची डावी-उजवी हालचाल रोखणे हेच त्याचे काम, म्हणून तेथे पॉली शोभतो. स्टिअरिंग अधिक थेट वाटते. रेडियस आर्मच्या अॅक्सलकडील जोडबुशांत मात्र अॅक्सल तिरका होताना रबराला चांगलेच पिळवटावे लागते. तेथे पॉली घालणे म्हणजे अॅक्सललाच जाड कांब जोडल्यासारखे होते. एकाच गाडीत काही ठिकाणी पॉली आणि काही ठिकाणी रबर असा मिश्र संच वापरणे यात कोणताही कमीपणा नाही. उलट तो समजून केलेल्या निवडीचा पुरावा ठरतो.

२०१० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या महिंद्रा थारमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे कमानपाटे आहेत; २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत मागेही कॉइल स्प्रिंग आणि दांड्यांची रचना आली. पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश बदलले, की व्हील अलाइनमेंट करून घेणे अपरिहार्य आहे. मजुरी वाचविण्यासाठी ते टाळले, तर नव्या बुशांवर नवे टायर घासून संपतात. यातील काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, जेणेकरून एका दिशेने ते मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक वागावेत. असा बुश दाबून बसवताना त्यावरील खूण मूळ जागी आणावी लागते. तो फिरवून बसवला तर गुणधर्मच उलटे होतात.

गाडी उंच करून घेतलेल्यांसाठी एक वेगळाच प्रकार बाजारात आहे, तो म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या छिद्राचा बुश. रेडियस आर्म असलेली गाडी उंच केली की पुढचा अॅक्सल किंचित गोल फिरतो, चाकांचा कॅस्टर कोन बिघडतो आणि स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होईनासे होते. सरकवलेले छिद्र तो कोन काही अंशी पूर्ववत करते. मूळ उंचीच्या गाडीला याची मुळीच आवश्यकता नाही.

खरेदीच्या वेळी

दुकानात जाताना जुना बुश आणि व्हर्नियर कॅलिपर सोबत असावे. बाहेरचा व्यास आणि आतला व्यास सर्वचजण पाहतात. लांबीकडे दुर्लक्ष होते. आतली पोलादी नळी बुशाच्या लवचीक भागापेक्षा किंचित लांब असली पाहिजे. बोल्ट आवळला की कंसाने ही नळी घट्ट धरावी अशी अपेक्षा असते. नळी आखूड पडली तर कंस थेट पॉलीलाच चेपतो, सांधा जखडतो आणि मालक उत्पादकाला दोष देत राहतो. पिना आणि शॅकलच्या पट्ट्याही तपासाव्यात. पिनेवर खाचा पडल्या असतील किंवा डोळा अंडाकृती झाला असेल, तर नवा बुश काही महिनेच टिकेल.

रबराला वय असते, मग ते फळीवर पडून राहिले तरी. उत्पादन थांबलेल्या गाडीचे ‘कंपनीचे मूळ’ बुश म्हणून वर्षानुवर्षे उन्हात पडलेला साठा खपवला जाण्याची शक्यता ध्यानात घ्यावी. वेष्टनावरील उत्पादनाची तारीख पाहावी, बुश बोटांनी वाकवून पृष्ठभागावर भेगा उघडतात का ते पाहावे. नखाने दाबल्यास रबर दबले पाहिजे. काचेसारखे टणक लागल्यास परत करावे. जीएसटीचे रीतसर बिल घ्यावे, कारण नकली मालाची तक्रार करावयाची झाल्यास तोच एक आधार असतो.

किमतीचा विचार करताना एक गोष्ट विसरू नये. बुश स्वस्त असो वा महाग, गाडी उचलणे, गंजलेल्या पिना काढणे, पाटे उतरवणे आणि पुन्हा चढवणे यांची मजुरी तेवढीच पडते. सुट्या भागात थोडी बचत करून तेच काम दीड वर्षात पुन्हा करून घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. सफारीच्या वाहनाला तर काम बंद राहिलेल्या प्रत्येक दिवसाचा तोटाही सोसावा लागतो. ताडोब्यासारख्या प्रकल्पांचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. संपूर्ण संच बदलून घेण्यास तोच काळ सोयीचा.

विमा आणि कर्ज यांच्या दृष्टीने

प्रमाणित मोटार विमा पॉलिसीत झीज, घसारा आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. बुश झिजला म्हणून दावा करता येत नाही, हे उघड आहे. अपघातात अॅक्सल आणि पाटे यांचे नुकसान झाल्यास दावा मान्य होतो. तथापि रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक यांच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा केला जातो, म्हणजे त्यांची निम्मी किंमत वाहनमालकाने सोसावयाची असते. घसारा वजा न करणारे जोडसंरक्षण घेतलेल्या मालकाला हा भार पडत नाही, परंतु जुन्या वाहनांना असे संरक्षण सहसा मिळत नाही.

झिजलेल्या बुशाच्या जागी त्याच मापाचा बुश बसविणे ही दुरुस्ती आहे. गाडी उंच करणे, चेसिसच्या कंसांची जागा बदलणे हे मात्र बदल ठरतात. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत वाहनमालकाला परस्पर फेरफार करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना दिला आहे. असा फेरफार केलेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्यावर आक्षेप घेऊ शकते. वाहनावर कर्ज असेल, तर ते वाहन बँकेकडे तारण असते आणि ते सुस्थितीत राखण्याची व परस्पर बदल न करण्याची अट कर्जकरारात सामान्यतः असतेच. जुने वाहन कर्जावर घेणाऱ्याने खरेदीपूर्वी कुशल मेकॅनिककडून गाडीचा तळ तपासून घेतल्यास, मालकाने गाडी कशी सांभाळली याचा अंदाज येतो. चकचकीत रंगाखाली बुश खाल्लेले असतील, तर किंमत ठरवताना तेवढा मुद्दा हाती राहतो.

बसविताना

जुना बुश काढण्यासाठी गॅसच्या ज्योतीने तो जाळण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. रबराचा धूर अपायकारक असतोच; पॉलियुरेथेन जळताना तर हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. पाट्याच्या डोळ्याला ज्योत लावल्यास पोलादाला दिलेले पाणीही उतरते. हायड्रॉलिक प्रेसने किंवा योग्य मापाच्या सॉकेटच्या साहाय्याने बुश दाबून काढणे हीच योग्य रीत. काम करताना गाडी केवळ जॅकवर ठेवू नये. चेसिसखाली भक्कम स्टँड असल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. रबरी बुश सारण्यासाठी साबणाचे पाणी पुरते, तेथे ग्रीस किंवा ऑइल लावू नये.

सर्वांत अधिक चुकणारी गोष्ट अखेरीस येते. गाडी हवेत उचललेली असताना चाके खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत रबरी बुशाचे नट पूर्ण आवळले, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेतच पकडले जाते. गाडी जमिनीवर उतरताच ते एका दिशेने पिळले जाते आणि उभ्या गाडीतही त्याच्यावर ताण कायम राहतो. खड्डा आला की आणखी पिळवटते आणि लवकर फाटते. म्हणून नट प्रथम हलके लावून ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवून दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मगच ते निर्धारित जोराने आवळावेत. सफारीच्या गाडीच्या बाबतीत, शक्य असल्यास, नेहमीच्या भाराच्या निम्म्याइतके वजन मागे ठेवून हे काम केल्यास अधिक चांगले. पाटे उतरवले असतील तर यू-बोल्टचे नट पहिल्या काही फेऱ्यांनंतर, साधारण पाचशे किलोमीटरच्या आत, पुन्हा तपासून घ्यावेत. नवे पाटे आणि नवे बुश आपापल्या जागी बसताना ते थोडे सैल पडतात.